आखाजीपर्यंत थांबा

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक,
पांझरा, बुराई, बोरी, गिरणा, तितूर, अनेर, गोमाई आणि तापीकाठच्या सर्व ग्रामपंचायती, खानदेश

विषय: नदीकाठचे अर्जुनसादडे राखण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माघ संपत आलाय. आमच्या बंधाऱ्याजवळच्या अर्जुनसादड्याची पानं झडायला लागली आहेत. सकाळी काठावर गेलं की पायाखाली तांबूस पानांचा थर वाजतो आणि वर फांद्या दिवसेंदिवस उघड्या पडत जातात. अजून दोन-तीन आठवड्यांत झाड असं दिसेल की अनोळखी माणूस म्हणेल, हे गेलं. आणि नेमक्या याच दिवसांत, नदीचं पाणी आटलेलं असतं म्हणून, आपल्या गावोगावी खोलीकरणाची कामं निघतात.

मागच्या वर्षी आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असंच काम निघालं. काम हवंच होतं, मीही ग्रामसभेत त्याच्या बाजूने हात वर केला होता. काठावरच्या झाडांची यादी झाली, त्यात तीन अर्जुनांपुढे ‘वाळलेले’ असा शेरा पडला आणि आठ दिवसांत तिन्ही आडवे झाले. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. कापलेल्या बुंध्यावर मी हात ठेवला. कापा ओला होता, हाताला ओल लागली. फांद्यांना पाच धारांची फळं अजून लोंबत होती. यादी करणाऱ्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याने वर पाहिलं, पान दिसलं नाही, त्याने लिहिलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे पानझडी झाड आहे. म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. वडील फडावर, म्हणजे पांझराकाठच्या सामायिक पाटपाण्याच्या शेतीत, पाटकरी होते, पाटाचं पाणी वाटायचे. त्यांचं निम्मं आयुष्य पाटाच्या काठाने चालण्यात गेलं, आणि झाडं ओळखायला मला पुस्तकांच्या आधी त्यांनीच शिकवलं.

आधी नावाचा घोळ मिटवते, कारण यादीत तोही घोळ होतो. आपल्याकडे ‘सादडा’ म्हटलं की दोन झाडांपैकी कोणतंही असू शकतं. सातपुड्याच्या उतारावर उभा असतो तो ऐन. त्याची साल काळपट, चौकोनी भेगांनी फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी. नदीकाठी असतो तो अर्जुन, म्हणजे अर्जुनसादडा. त्याची साल गुळगुळीत, राखाडी-पांढरी, पातळ ढलप्यांनी सुटणारी. ढलपी निघाली की खाली गुलाबीसर खोड दिसतं. संस्कृतात अर्जुन या शब्दाचा अर्थच पांढरा, शुभ्र. उन्हाळ्याच्या संध्याकाळी नदीच्या वळणावरून पाहा, बाकीची झाडं काळवंडलेली असतात आणि याचं खोड तेवढं उजळलेलं दिसतं. नाव ठेवणाऱ्याने झाड नीट पाहिलं होतं.

पानं पेरूच्या पानासारखी लांबट. देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी असतात, बोटाला लागतात. ऐनाच्या गाठी पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेवर असतात. फळांना दोघांच्याही पाच पंख, पण ऐनाचे पंख रुंद आणि कागदी, अर्जुनाचे अरुंद आणि ताठ. हिरडा, बेहडा, कोकणातला किंजळ आणि शाळेच्या आवारातला देशी बदाम हे सगळे याचे सख्खे भाऊबंद, एकाच टर्मिनॅलिया कुळीतले. आपल्या अर्जुनाचं शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया अर्जुना. म्हणजे शास्त्रज्ञांनीसुद्धा आपलंच नाव जसंच्या तसं उचललं.

आता पानगळीचं. पाण्याकाठच्या झाडाला पानं गाळायची गरज काय, असं मला वर्गात हमखास विचारलं जायचं. प्रश्न चांगला आहे. अर्जुन डोंगरातल्या सालईसारखा महिनोन्‌महिने उघडा राहत नाही. मुळाशी ओल असल्यामुळे तो इतरांपेक्षा उशिरा पानं सोडतो आणि लवकर नवी फोडतो. पण थंडी सरताना हवा कोरडी होते, नदीचा प्रवाह मागे हटतो, जुनी पानं निबर झालेली असतात. ती टाकून देऊन झाड नव्या पानांची तयारी करतं. त्याच्यासाठी ही वर्षातली नेहमीची गोष्ट आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोके बांधतात तेव्हा तोच अर्जुन कोवळ्या पालवीने भरलेला असतो, आणि थोड्याच दिवसांत त्याला पिवळसर पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. या फुलांना पाकळ्या नसतातच. दिसतात ते सगळे पुंकेसर. त्यावर मधमाश्यांची अशी गर्दी होते की झाडाखाली उभं राहिलं की गुणगुण ऐकू येते.

झाड मेलंय की झोपलंय हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. बोटाएवढी फांदी धरा आणि अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवी, ओली रेघ दिसली की झाड जिवंत. तपकिरी आणि कोरडी दिसली तर दुसऱ्या बाजूची फांदी पाहा, मग तिसरी. तरीही शंका राहिली तर आखाजीपर्यंत थांबा. माझी पहिली विनंती एवढीच आहे: नदीकाठच्या कोणत्याही झाडापुढे माघ-फाल्गुनात ‘वाळलेले’ हा शेरा मारू नका. यादी तेव्हा करायची असेल तर करा, पण त्या शेऱ्याची खात्री पालवी फुटायच्या दिवसांत पुन्हा एकदा करा.

काही जण म्हणतील, झाडच आहे, दुसरं लावू. त्यांना या झाडाचं आणि नदीचं नातं सांगायला हवं. अर्जुनाचं फळ इंच-दीड इंचाचं, कमरकासारखं पाच धारांचं, आतून तंतुमय आणि सुकल्यावर हलकं. फुलं उन्हाळ्यात येतात, पण फळं पिकायला जवळपास पुढचा उन्हाळा उजाडतो. मग ती वाळून खाली पडतात, आणि त्यानंतर मृगाचा पाऊस येतो. नदी भरते, फळं तरंगत निघतात, जिथे गाळ साचतो त्या वळणावर थांबतात आणि तिथे रुजतात. ज्या ओल्या, भुसभुशीत पोयट्यात त्याला उगवायला आवडतं, तिथे नदीच त्याला नेऊन सोडते. काठावर एकाच उंचीवर ओळीने उभे असलेले सादडे तुम्ही पाहिले असतील. ती ओळ बहुतेक वेळा कोणी माणसाने लावलेली नसते. कधीकाळच्या पुराची रेघ आहे ती.

म्हणून वरच्या अंगाचं एक जुनं झाड तोडलं की खालच्या चार गावांचं बी बंद होतं. हे गणित कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

मुळांची गोष्ट त्याहून महत्त्वाची. अर्जुनाचा बुंधा खाली पसरट होतो, त्याला भिंतीसारखे आधार फुटतात, आणि मुळं आडवी, काठाच्या कडेकडेने लांबवर पसरतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. तापीच्या काठच्या दरडी ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय सांगू! अशा मातीला बांधून ठेवायला याच्या मुळांसारखी दुसरी दोरी नाही. शिवाय हे झाड पुराच्या पाण्यात कितीतरी दिवस बुडालेल्या पायांनी उभं राहू शकतं, कडुलिंबाची मुळं त्या पाण्यात कुजतील. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूरला आलेला पूर चाळीसगावकर विसरलेले नाहीत. डोंगरातून पाणी उतरलं आणि शहरात शिरलं. एवढा पूर झाडं थांबवत नाहीत, तसा दावा मी करणार नाही. पण पूर ओसरल्यावर कोणाची मळईची जमीन जागेवर राहते आणि कोणाच्या बांधापासून दहा फूट नदी आत येते, हे बऱ्याच अंशी काठावर काय उभं आहे यावर ठरतं. आमच्या गावात जिथे ते तीन अर्जुन होते तिथे एका पावसाळ्यात दरड ढासळली. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचा कठडा आता नदीपासून हाताच्या अंतरावर आलाय.

खोलीकरणाला माझा विरोध नाही, पुन्हा सांगते. गाळ काढा. पण पात्राच्या मधला काढा, काठाला उभा काप देऊ नका. झाडाच्या फांद्यांचा घेर जमिनीवर जिथवर सावली टाकतो तिथवर यंत्राचा दात लागू नये, एवढी एक ओळ कामाच्या अटींत लिहिता येईल. गाळ उचलायला ट्रॅक्टर उतरवायचा तर उतार जिथे झाड नाही तिथे करा. काढलेला गाळ बुंध्याभोवती ढिगाने टाकू नका, त्याने मुळांचा श्वास कोंडतो.

आता सालीबद्दल, आणि इथे मी थोडी कठोर बोलणार आहे.

अर्जुनाची साल हे आयुर्वेदातलं हृदयासाठीचं नावाजलेलं औषध. सालीची एक भाग भरड, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत मंद आटवणं, हा क्षीरपाकाचा जुना प्रघात. अर्जुनारिष्टात सालीबरोबर मनुका, मोहाची फुलं, धायटीची फुलं आणि गूळ पडतो. मोह आणि धायटी आपल्या सातपुड्याची, अर्जुन आपल्या नद्यांचा, म्हणजे औषधाचा मोठा भाग आपल्याच दारात आहे. माझ्या आईने शेवटच्या काही वर्षांत वैद्यांच्या सल्ल्याने हे दूध घेतलं. पण डॉक्टरांच्या गोळ्या तिने एक दिवसही चुकवल्या नाहीत, आणि कोणीही चुकवू नयेत. छातीत दुखायला लागलं की साल उकळत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

साल हवी असते म्हणून मागणी आहे, मागणी आहे म्हणून गोणी घेऊन माणसं येतात. पहाटे येतात, कुऱ्हाडीने बुंध्याभोवती पूर्ण वळसा घालून साल सोलतात आणि उजाडायच्या आत निघून जातात. असं झाड दुसऱ्या दिवशी मरत नाही, हीच खरी फसगत. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळाकडे उतरतं. तो थर चहूबाजूंनी कापला की मुळं उपाशी राहतात, पण मुळाचं पाणी लाकडातून वर चढतच असतं, म्हणून पानं काही काळ हिरवी दिसतात. मग एखाद्या वर्षी पानगळ होते आणि पालवी येतच नाही. तोवर गोणीवाले कोणालाच आठवत नसतात आणि लोक म्हणतात, झाडाला कीड लागली.

वडील एकदा अशाच एका माणसाला काठावर सामोरे गेले होते. मी लहान होते, बरोबर होते. भांडले नाहीत. म्हणाले, “साल काढनी ते एकच बाजूनी काढ, भाऊ. फिरीसन काढी ते झाड मरी जाई.” तो ऐकून गप्प बसला. त्या झाडाला एका अंगाला जखमेची जुनी खूण अजून आहे, आणि झाडही अजून आहे.

वडिलांनी जे सांगितलं तेच आज शास्त्रही सांगतं. मोठ्या, पक्व झाडाच्या खोडाच्या एका भागातूनच साल घ्यावी, आतला पातळ थर लाकडाला चिकटलेला राहू द्यावा, म्हणजे दोनेक वर्षांत ती जागा भरून येते. पुढच्या खेपेला समोरच्या अंगाने घ्यावी. एवढं पाळलं तर एकच झाड वर्षानुवर्षं साल देईल.

आणि हे पाळायला लावण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, हे कदाचित तुमच्यातल्या पुष्कळांच्या लक्षात नसेल. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. कागदावर ती तुमच्याकडेही असेल. लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं हे तिचं काम, आणि व्यापारासाठी गावाच्या हद्दीतून अशी संपत्ती नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. ती नोंदवही एकदा कपाटातून काढा. गावाच्या हद्दीतला प्रत्येक अर्जुन तिच्यात लिहा: कुठे आहे, बुंध्याचा घेर किती, सालीला जखम आहे का. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना टेप देऊन एका शनिवारी पाठवा, काम दुपारपर्यंत संपेल. मुलं एकदा मोजलेलं झाड आयुष्यभर विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

बाकी उपयोग भराभर सांगते. लाकूड जड, कठीण, तपकिरी. पूर्वी गाडीच्या चाकांना, शेतीच्या अवजारांना, नावांना वापरत. वाळताना ते फाटतं, म्हणून सुतार त्याच्यावर फार खूश नसतात. सालीतल्या टॅनिनमुळे कातडं कमावायला तिचा उपयोग होतो. पाला गुरं खातात. विदर्भात गडचिरोली, भंडाऱ्याकडे अर्जुन आणि ऐनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे वाढवतात आणि त्यावर कित्येक घरांचं वर्ष निघतं. तमिळनाडूत मोयार नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी बांधायला उंच अर्जुनच निवडतात. आपल्याकडे गिधाड दिसणं दुर्मीळ झालंय, पण उंच झाडच नसेल तर ते परतून येईल कुठे?

शेवटची विनंती लागवडीची. दर पावसाळ्यात झाडं लावली जातात, फोटो निघतात. नदीकाठी मी काय पाहते? गुलमोहर, जो मूळचा मादागास्करचा. ग्लिरिसिडिया, जी मध्य अमेरिकेची. निलगिरी, ऑस्ट्रेलियाची. त्यांच्याशी माझं वैर नाही, पण आपल्या नदीचं आणि त्यांचं कधी बोलणं झालेलं नाही. काठाला अर्जुन लावा, जोडीला करंज, जांभूळ, उंबर लावा. अर्जुन पात्रात लावायचा नाही, तिथे तो पाणी अडवेल. नेहमीच्या पुराची रेघ ओळखायची आणि तिच्या आसपास, काठाच्या उतारावर लावायचा. दोन झाडांत पंधरा-वीस फूट ठेवा. बंधाऱ्याच्या दगडी बांधकामापासून मात्र लांब, कारण मुळं सांध्यात शिरतात.

रोप तयार करणं अवघड नाही. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेली यंदाची फळं वेचा, भोकं पडलेली टाकून द्या. दोन दिवस पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, मग पोयटा आणि शेणखत भरलेल्या पिशवीत अर्धवट दाबा. सगळी उगवत नाहीत, म्हणून दुप्पट लावा. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, थोडी सावली द्या. वर्षभराचं रोप जुलैत काठावर न्या. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी लागतं. मूळ ओलीपर्यंत पोहोचलं की मग ते तुमच्याकडे काही मागत नाही. भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच, नाहीतर शेळ्या पहिल्याच आठवड्यात हिशेब पूर्ण करतात.

पाणी कोण घालणार, राखण कोण करणार, हा प्रश्न तुम्ही विचाराल. पांझराकाठच्या लोकांनी तरी तो विचारू नये. आपल्या फडांवर शेकडो वर्षं पाटकरी पाणी द्यायचा आणि जागल्या पीक राखायचा. एका फडात सगळ्यांचं एकच पीक असायचं. माझ्या वडिलांना मोबदला धान्यात मिळायचा, प्रत्येक घरातून, आणि कोणाच्या शेताला पाणी कमी गेलं तर पंचांसमोर उत्तर द्यावं लागायचं. बंधारा, पाट, चाऱ्या, सांडम म्हणजे जादा पाणी सोडायची वाट, सगळं गाव मिळून दुरुस्त करायचं. नदीच्या पाण्याचा एवढा काटेकोर कारभार ज्यांनी केला, त्यांना नदीच्या शंभर झाडांसाठी एक जागल्या नेमता येणार नाही, हे मला पटत नाही. रोजगार हमीतून त्याची मजुरी बसवता येते का ते पाहा. नाहीच बसली तर काठाच्या शेतकऱ्यांना विचारा. दरड कोणाची ढासळते हे त्यांना ठाऊक आहे.

माझ्या अंगणात यंदा दोनशेच्या वर पिशव्या आहेत. त्यातली दीडशे तरी रोपं जुलैत लावण्याजोगी होतील. ज्या ग्रामपंचायतीने नोंदवही भरायला सुरुवात केली असेल तिला मी रोपं फुकट देईन आणि खड्डे खणतील त्या दिवशी स्वतः येईन. फक्त कुंपणाच्या काट्या तुम्ही तोडून ठेवा.

आणि यंदाच्या आखाजीला जमलं तर आमच्या बंधाऱ्यावर या. दुपारनंतर या, ऊन उतरलेलं असतं. आज ज्या झाडाखाली बसून मी हे लिहिते आहे त्याची पानं झडत चालली आहेत. त्या दिवशी त्याच्या सावलीत तुमच्यासाठी घोंगडी अंथरून ठेवते, गार पाणी आणि सांजोऱ्या ठेवते. त्या तीन झाडांचे बुंधेही तिथून शंभर पावलांवर आहेत. अर्जुन बुंध्यातून पुन्हा फुटतो. त्यातल्या एकाला मागच्या पावसाळ्यात धुमारे आले होते, शेळ्यांनी खाल्ले. यंदा मी त्याला काट्या लावल्या आहेत.

आपली,
पांझराकाठची एक निवृत्त शिक्षिका